वाजलं तर पुन्हा बांधा

चौतीस वर्षं मी प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
नंबर अर्धा केस सरकला, शाई जराशी फुटली,
की बोटालाच कळायचं. नोट बाजूला.
जेलरोडच्या घरी वर्तमानपत्राची पानं
अजून मी तशीच उलटतो. कुमुद हसते.

आणि आता मीच पाठवतोय तपासायला
हा एक रुपया. चांदीचा, गुलशनाबाद टांकसाळीचा,
म्हणजे इथलाच. गावाने नाव बदललं,
नाण्याला कुणी कळवलं नाही.
अक्षरं अर्धीच उमटलेली; ठसा मोठा, चकती लहान.
कारागिराला घाई असणार, किंवा जेवायची वेळ.
आमच्याकडे असता
तर पहिल्याच हाती बाद केला असता मी.

अत्तारांचा जुनेद भद्रकालीत घड्याळं दुरुस्त करतो,
त्याने शिकवलं सगळं.
काका, तोंडाला हात नाही लावायचा, कडेला धरा,
गरम बशी धरतात तसं.
खाली टॉवेल अंथरा, पडलंच तर टॉवेलवर पडू दे.
मऊ प्लॅस्टिक नको, दोन-चार वर्षांत त्याला घाम फुटतो,
हिरवा, आणि तो चांदीला बसतो.
हे कडक पाकीट घ्या. मग पुठ्ठा, दोन्ही बाजूंनी,
मग चिकटपट्टी, पण टोक दुमडून ठेवा,
उघडणाऱ्याला सुरी लागता कामा नये.
मग खोका, कागदाचे बोळे, मग दुसरा खोका.
वर ‘नाणं’ लिहू नका.
आणि शेवटी कानाशी धरून हलवा.
वाजलं तर पुन्हा बांधा.

तीनदा बांधला.
सराफ बाजारात माझे वडील
रुपया फरशीवर टाकून ऐकायचे,
खणकन बोलला तर खरा, बद्द बोलला तर परत.
आणि इथे खरा ठरायला निघालेला रुपया
गप्प बसेपर्यंत मी बोळे कोंबत होतो.

फॉर्म. वजन: अकरा ग्रॅम, वर थोडं.
कुठून मिळालं: कुमुदच्या आईच्या तांदळाच्या डब्यातून.
(हे खोडून ‘वारसा’ लिहिलं.)
किंमत: इथे आम्ही दोन दिवस अडलो.
कमी लिहावी, तर वाटेत हरवल्यावर तेवढीच मिळणार,
जास्त लिहावी, तर विम्याचे पैसे, आणि लाज.
शेवटचा रकाना:
नाणं कधी साफ केलं आहे का?

कुमुद आत भांडी लावत होती.
सदतीस लक्ष्मीपूजनं. दर धनतेरशीला
रांगोळीची पूड, लिंबाची फोड,
आणि अंगठ्याने गोल गोल, लख्ख होईपर्यंत.
जुनेदने भिंगाखाली दाखवल्या होत्या मला त्या रेषा,
बारीक, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या.
यानेच नंबर जातो काका, म्हणाला.
अर्ध्या केसाची चूक पकडणाऱ्या डोळ्यांना
घरातलं हे कधी दिसलं नव्हतं.

मी ‘हो’ लिहिलं.
खोटं चाललं नसतंच. तपासणाऱ्याला कळतं.
मला कळायचं.

नाशिकरोडच्या पोस्टात खिडकीतल्या बाईंनी विचारलं, आत काय?
वाकून हळूच सांगितलं.
त्यांनी खोका कानाशी नेऊन हलवला, सवयीने असेल.
काही वाजलं नाही.
मग शिक्का मारला,
तोही अर्धाच उमटला.

सव्वा महिन्याने परत आला.
पारदर्शक डबी, सीलबंद, वर नाव, खाली बारकोड.
‘अस्सल’ असं छापलंय.
आणि नंबरच्या जागी: घासलेलं.
कुमुदने चष्मा लावून दोनदा वाचलं.
‘हे मला म्हणतायत का?’
तुझं नाव नाही लिहिलेलं, मी म्हटलं.
‘लिहायला हवं होतं,’ म्हणाली,
आणि डबीवर उमटलेले माझ्या बोटांचे ठसे
पदराने पुसू लागली,
गोल गोल.